मतलब त्यांना माहीत असतो

भोपाळच्या महाराणा प्रताप नगराला महाराणा प्रताप नगर म्हणणारा माणूस एक तर पाकिटावर पत्ता लिहीत असतो, नाहीतर गावात नवा असतो. बाकी सगळं शहर ‘एम. पी. नगर’ म्हणतं, आणि त्यातलं एम. पी. म्हणजे मध्य प्रदेशच असणार, असं बाहेरगावाहून शिकायला आलेली पोरं खुशाल धरून चालतात. मराठी माणसानं यावर मेवाडच्या वतीनं हळहळण्याचं कारण नाही. थोडं पलीकडे तात्या टोपे नगर आहे, त्याचं याच शहरानं टी. टी. नगर केलं. येवल्यात जन्मलेला, सत्तावन्नच्या धामधुमीत इंग्रजी फौजांना मध्य हिंदुस्थानभर आपल्या मागे दमवणारा आपला माणूस आता नावापुरता रेल्वेचा तिकीट तपासनीस होऊन बसला आहे. शेजारचं शिवाजीनगर तेवढं शाबूत राहिलं, ते आदरापोटी की ‘एस. नगर’ म्हणून फारसा वेळ वाचत नाही म्हणून, ते सांगता येत नाही. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. एम. पी.चा अर्थ चुकीचा धरूनसुद्धा रिक्षा आजवर दुसरीकडे गेलेली नाही. शब्दाला अर्थ न विचारता त्याच्याकडून काम काढून घेता येतं, हे या वस्तीनं रोजच्या रोज सिद्ध केलेलं आहे, आणि खाली ज्या इंग्रजी वाक्याची बाजू घ्यायची आहे, त्याचा खटला याच पुराव्यावर उभा आहे.

वाक्य सर्वांच्या परिचयाचं आहे: ‘किंडली डू द नीडफुल’. एम. पी. नगरच्या झोन वन आणि झोन टू या दोन्ही भागांत हे वाक्य एकाच इमारतीत मारलंही जातं आणि जन्मालाही घातलं जातं. वरच्या मजल्यावर कोचिंग क्लास असतो. तिथं सकाळी आठ वाजता बँकेच्या आणि कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांना बसणारी पोरं दाटीवाटीनं बसून ‘कॉमन एरर’ शिकतात. ‘रिटर्न बॅक’ म्हणायचं नाही, कारण रिटर्नमध्येच बॅक आहे. ‘डिस्कस अबाउट’ म्हणायचं नाही. ‘कझिन ब्रदर’ तर घरातसुद्धा म्हणायचा नाही. आणि ‘डू द नीडफुल’ लिहिणारा उमेदवार म्हणजे एकोणिसाव्या शतकातून चुकून इकडे आलेला कारकून. पोरं हे सगळं वहीत उतरवतात, चुकीवर लाल काट मारतात आणि जिना उतरतात. जिन्याखाली झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणारं दुकान असतं. तिथं तीच पोरं फीच्या परताव्याचा अर्ज टाइप करून घेतात, आणि शेवटच्या ओळीवर दुकानदार न विचारता ‘किंडली डू द नीडफुल’ टाकतो. पोरं सही करतात. लाल काट वहीत वरच्या मजल्यावर, सही खालच्या मजल्यावर. मधे फक्त अठरा पायऱ्या.

या दुकानांतल्या संवादाचा साचा ठरलेला आहे. कुणी काका नळाची तक्रार घेऊन आलेले असतात. की-बोर्डवरचा मुलगा विचारतो, “अंकल, नीचे डू द नीडफुल डाल दूँ?” काका म्हणतात, “डाल दे.” मुलगा नवा आणि जिज्ञासू असला तर पुढे विचारतो, “इसका मतलब क्या होता है?” काका चष्मा पुसत सांगतात, “मतलब उनको पता है.” इंग्रजी व्याकरणाच्या जाड पुस्तकांनी या वाक्यप्रयोगाचं जेवढं विवेचन केलं असेल, त्या सगळ्यापेक्षा हे चार शब्द भारी आहेत. लिहिणाऱ्याला अर्थ माहीत नसतो, टाइप करणाऱ्याला नसतो, पण वाचणाऱ्याला तो असतो असं दोघंही गृहीत धरतात. विश्वासाची एवढी मोठी उधारी दुसऱ्या कुठल्याही भाषाव्यवहारात चालत नाही.

आता प्रयोग शुद्ध आहे की अशुद्ध, ते आधी निकालात काढू. प्रस्तुत लेखकाचं इंग्रजी बेताचंच असल्यामुळे त्याच्या निःपक्षपातीपणाविषयी शंका नसावी. ‘नीडफुल’ हे विशेषण आहे. इंग्रजीत विशेषणाच्या डोक्यावर ‘द’ची टोपी घातली की ते नाम होऊन बसतं. ‘द रिच’ म्हणजे श्रीमंत लोक, ‘द नीडफुल’ म्हणजे जरूर ती गोष्ट. व्याकरणात कुठे खोट नाही. हा प्रयोग आपल्या बाबूंनी दुपारच्या डुलकीत रचलेला नाही. तो विलायतेतूनच आला. इंग्रज आणि अमेरिकन लोक विसाव्या शतकातही बराच काळ तो बिनदिक्कत लिहीत होते. मग त्यांना त्याचा कंटाळा आला. साहेब जाताना क्लब, डाकबंगले, रूळ आणि टाय मागे ठेवून गेला, त्यातच हा एक जिन्नस राहिला. आता त्याचा नातू इमेल उघडतो, आपल्याच आजोबांचा कोट आपल्या अंगावर पाहतो आणि म्हणतो, हे काय भलतंच घातलंय! कोट जुना आहे हे कबूल. पण तो चोरीचा नाही आणि आम्ही उलटा घातलेला नाही.

यावर सुशिक्षितांचा आक्षेप असा की, ज्याची भाषा त्यानंच टाकून दिलेला शब्द आपण का कवटाळायचा? हा आक्षेप करणारे सहसा ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’ लिहून आपलं पत्र पाठवतात. त्या वाक्याच्या पूर्वजाची, म्हणजे ‘प्लीज फाइंड एन्क्लोज्ड’ची, रिचर्ड ग्रँट व्हाइट नावाच्या अमेरिकन टीकाकारानं 1880 सालीच खिल्ली उडवली होती, आणि खिल्ली रास्त होती. सोबत जोडलेली वस्तू शोधायला कशाला सांगायचं? अर्थात आपल्याकडच्या इमेलांचा अनुभव जमेस धरला तर ‘शोधा’ हा शब्द योग्यच ठरतो, कारण निम्म्या वेळा जोडायचं राहूनच गेलेलं असतं. मग दहा मिनिटांनी दुसरं पत्र येतं, ‘नाऊ प्लीज फाइंड’. सांगायचं एवढंच की कारकुनी इंग्रजीला हसणं आपण शोधून काढलेलं नाही. खुद्द ब्रिटिश सरकारच्या अर्थखात्याला आपल्या बाबूंची भाषा असह्य झाली, म्हणून त्यांनी सर अर्नेस्ट गॉवर्स यांना साकडं घातलं आणि त्यातून 1948 साली ‘प्लेन वर्ड्स’ हे पुस्तक निघालं. सरकारी माणसानं साधं लिहावं, एवढं सांगायला पुस्तकच काढावं लागलं. वर्ष लक्षात घ्या. साहेबानं आपल्याला सोडल्यावर पहिल्याच वर्षात त्याला शुद्ध भाषेची आठवण झाली. घाण सगळी इकडे गेल्यावर घर झाडायला घेतात, तसं.

दुसरा आक्षेप स्वभाषेच्या अभिमान्यांचा: मग इंग्रजी कशाला? आपल्या भाषेत लिहा, सगळं स्वच्छ होईल. मध्य प्रदेशानं 1957 सालीच राजभाषा अधिनियम करून हिंदीला गादीवर बसवलं, महाराष्ट्रानं 1964 साली मराठीला. गादीवर बसल्याबरोबर हिंदीनं पहिला हुकूम सोडला, ‘आवश्यक कार्यवाही हेतु प्रेषित’. मराठीनं सोडला, ‘पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर’. नीडफुल मेला नव्हता, त्यानं फक्त धोतर नेसलं होतं. उलट मराठीनं त्यात ‘योग्य’ आणि ‘त्या’ असे दोन शब्द घालून धुकं आणखी दाट केलं, कारण ‘योग्य ती’ म्हटलं की कोणती, हा प्रश्न विचारणाराच अयोग्य ठरतो. आणि मराठीनं हे इंग्रजीकडून उचललं असं कुणी म्हणत असेल तर त्यानं जुन्या मोडी पत्रांचा एखादा खंड चाळावा. लष्कर कुठे अडलंय, रसद किती, कुणाकडून किती येणं, हे सारं भरघोस लिहून झाल्यावर पत्र शेवटी म्हणतं, बहुत काय लिहिणे, सुज्ञ असा. हे काय आहे? हे अस्सल, घरचं, अठराव्या शतकातलं ‘डू द नीडफुल’ आहे. फरक असलाच तर एवढा की त्यात समोरच्याला शहाणा म्हटलेलं आहे. इंग्रजीत ती खुशामत ‘किंडली’वर भागवली जाते.

हिंदी-मराठीतला हा नीडफुल प्रत्यक्षात चालतो कसा, ते एका कागदाच्या प्रवासावरून कळेल. गल्लीतला दिवा महिनाभर लागत नाही, असा अर्ज कुणी देतो. पहिल्या टेबलावर त्याच्या कोपऱ्यात तिरपं लिहिलं जातं, ‘आवश्यक कार्यवाही’. दुसरं टेबल त्याखाली लिहितं, ‘नियमानुसार आवश्यक कार्यवाही’. तिसऱ्या टेबलाला पहिल्या दोघांपेक्षा जास्त काळजी दाखवायची असते, म्हणून ते ‘तत्काळ’ घालतं. चौथं टेबल ‘कृपया चर्चा करें’ लिहितं. ही चर्चा दिव्याशी करायची की कागदाशी, हे त्यात नसतं. पाचव्या टेबलावर नस्ती बनते, तिला क्रमांक मिळतो, आणि एव्हाना अर्जाच्या चारी बाजूंना इतक्या तिरप्या ओळी झालेल्या असतात की मूळ मजकूर हळदीकुंकवाला आलेल्या बायकांत हरवलेल्या पोरासारखा दिसतो. शेवटी खालच्या कचेरीला पत्र जातं आणि त्याची प्रत अर्जदाराला येते: ‘सूचनार्थ एवं आवश्यक कार्यवाही हेतु’. म्हणजे ज्यानं नीडफुल मागितला होता, त्यालाच तो करायला सांगून प्रकरण संपतं. अर्जदार प्रत फाइलला लावतो. बल्ब शेवटी तोच बदलतो. कार्यवाही आवश्यक होती आणि झाली, यात खोटं कुणीच बोललेलं नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. त्याचं म्हणणं, हे वाक्य संदिग्ध आहे. काय करायचं ते नेमकं सांगितलं असतं तर काम झालं असतं. याचं उत्तर द्यायला खुद्द वस्तीच्या नावाकडेच जावं लागेल. अकबर बादशहानं 1572 आणि 1573 या दोन वर्षांत राणा प्रतापांकडे एकामागून एक चार वकील धाडले. आधी जलाल खान कोर्ची, मग मानसिंग, मग भगवंतदास, शेवटी तोडरमल. माणसं एकाहून एक मातब्बर, आणि निरोप अगदी नेमका: चाकरी पत्करा, स्वतः दरबारात हजर व्हा. ‘उचित ते करावे’ असं धूसर काही नव्हतं. निरोप नेमका होता म्हणून नकारही नेमका आला, आणि 1576 च्या जूनमध्ये हळदीघाट झाला. आता कल्पना करा की तोडरमलानं, ज्यानं पुढे साऱ्या मोगलाईच्या महसुलाचे हिशेब बसवले, त्यानं थोडी कारकुनी बुद्धी चालवून नुसतं ‘किंडली डू द नीडफुल’ लिहून दिलं असतं. राणाजींनी ते वाचून ‘नोटेड’ असा शेरा मारला असता. बादशहाला वाटलं असतं मान्य केलं, राणाजींना वाटलं असतं काहीच मान्य केलेलं नाही, आणि प्रकरण दोन्ही दरबारांत सन्मानानं प्रलंबित राहिलं असतं. नेमकं सांगितलं की समोरच्याला नेमकं ‘नाही’ म्हणता येतं. नीडफुलला नाही म्हणता येत नाही. ‘जरूर ते मी करणार नाही’ असं आजवर कुठल्या अधिकाऱ्यानं लिहून दिलंय? देशात रोज घडणारे लाखो हळदीघाट या एका ओळीमुळे टळतात, ही गोष्ट संदिग्धतेला नावं ठेवणाऱ्यांनी ध्यानात घेतलेली नाही.

या शब्दाला इंग्रजीत आणखी एक जुना अर्थ आहे, तो क्लासात शिकवत नाहीत. बोली इंग्रजीत ‘द नीडफुल’ म्हणजे पैसे. रोकड. खिशात नीडफुल आहे ना, असं तिकडे खरोखरच म्हणत. हा अर्थ साहेबानं अधिकृतपणे आपल्याला दिला नाही, पण कुणीतरी तो चोरून ऐकला असावा. कारण पाचव्या टेबलावर कागद अडून राहिला की अनुभवी माणूस अर्जदाराला बाजूला घेऊन जे सांगतो, ते शब्दाच्या दोन्ही अर्थांना धरून असतं. “अर्जात नीडफुल लिहिलंय ना?” “लिहिलंय.” “मग आता करा की!” या ठिकाणी वाक्याचा कर्ता बदलतो, बाकी व्याकरण तेच राहतं.

आणि आता या वाक्याचं शेपूट. ‘किंडली डू द नीडफुल अँड ऑब्लाइज’. क्लासातले मास्तर या ‘ऑब्लाइज’वर तुटून पडतात, की कुणाला ऑब्लाइज, कर्म कुठाय? कर्म खाली आहे. जुन्या इंग्रजी पत्रात वाक्य तिथं थांबतच नसे, ते घसरत सहीपर्यंत जाई: आणि उपकृत करावे, आपला आज्ञाधारक सेवक अमुकतमुक यास. सही हाच वाक्याचा शेवटचा शब्द असे. मोठी देखणी बांधणी होती. आपण मधे पूर्णविराम दिला, ‘थँकिंग यू’ची ओळ घुसवली, उजवीकडची सही डावीकडे नेली, आणि बिचारं ‘ऑब्लाइज’ जिना काढून घेतलेल्या माळ्यावर बसल्यासारखं अधांतरी राहिलं. ते चुकलं नाही, त्याचा मालक हरवला. शुद्धलेखनाची एवढी हौस असेल तर पूर्णविराम खोडा, वाक्य पुन्हा सहीला जोडा. ते कुणी करत नाही. हसायला मात्र सगळे पुढे.

मग योग्य वापर कोणता? वरच्या मजल्यावरचे म्हणतात, कधीच नको. खालच्या मजल्यावरचे म्हणतात, नेहमीच हवा. दोघंही एक गोष्ट पाहत नाहीत, ती म्हणजे या ओळीच्या वर काय आहे. वर जर ‘गेल्या सोमवारपासून फाटकाजवळची पाण्याची लाइन फुटली आहे, फिटर पाठवा’ असं धडधडीत लिहिलेलं असेल, तर खाली नीडफुल असणं म्हणजे पानावर सुपारी ठेवण्यासारखं आहे. पोट त्यावर भरायचं नसतं, रीत राहते. पण सध्याचा अर्ज असा असतो: विषय, ‘रिगार्डिंग’. मजकूर, ‘विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट दॅट वरील विषयास अनुसरून’. आणि लगेच नीडफुल. पाणी कुठे, लाइन कुठे, फिटर कुठे? सगळा अर्ज आदरानं भरला आणि तक्रार घरी राहिली. दोष नीडफुलचा नव्हे. पाहुणा वेळेवर आला, यजमानच घरात नाहीत. म्हणून पोरांनो, तो शब्द खोडू नका. त्याच्या वरती एक ओळ वाढवा.

आणि तरीही कुणा पंडितानं तो सगळीकडून उखडायचाच ठरवला, तर त्यानं आधी एम. पी. नगरातल्या कुठल्याही जिन्याखालच्या दुकानात जाऊन विचारावं. तिथला मुलगा त्याला या शब्दाचं खरं कामच सांगेल. बाबू अर्जातल्या दोनच ओळी वाचतो, वरची विषयाची आणि खालची नीडफुलची. खालची ओळ दिसली की अर्ज संपला हे त्याला कळतं. ती नसली तर तो पान उलटून मागे बघतो, मागे काही नसतं, आणि तो म्हणतो, “एक पन्ना कम है, कल आना.”